तेरा काढली, एक ठेवलं

दिवसभर उभी राहिलेली नर्स मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या एकुलत्या स्टुलावर नुकतीच टेकली होती. तिच्या पुढे काउंटरपाशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते.

"काका, फोन ठणठणीत आहे," दुकानदार म्हणाला.

"लेकीने आवराआवर करणारं ॲप टाकलं आणि माझी गाणी गेली."

"एकसारखी तेरा काढलीत त्याने. एक आहे की."

"आमच्या हिचा रियाज होता तो. तेच गाणं चौदा वेळा."

"मग सगळ्यात चांगलं ठेवलंय. कुठेच चूक नाही."

"तिथंच तर घोडं अडलंय. चुकली की थांबायची आणि म्हणायची, अहो, खोकू नका ना."

दुकानदाराने फोन परत उघडला.

"वेळ लागेल, काका. मिळतील असंही नाही."

"थांबतो."

नर्स उठली आणि तिने स्टूल काकांपुढे सरकवलं.