चौथी कुंडी

(जर्मनीच्या वायव्य टोकाला, समुद्राच्या बांधामागचं फ्रीजियन खेडं. गेशाच्या घराची काचेची पडवी. बाहेर भुरभुर.)

गेशा : आणि ती तू माझ्या पुसलेल्या फरशीवर ठेवणार, चिखलासकट.

हाब्बो : कुंडी आहे, गेशा. मेंढी असती तर पाय पुसायला सांगितले असते.

गेशा : चाळीस वर्षं शेजारी आहेस, तू तरी कुठे पुसतोस. आणि हे काय गुंडाळलंयस तिला?

हाब्बो : माझा स्वेटर. वाटेत गार वारा लागला असता.

गेशा : दोन अंगणांच्या वाटेत. सोड बघू. अरे, हे तेच का रोप? माझ्या भाचीनं आणलेल्या बियांतलं?

हाब्बो : तेच. तीन पेरली होती. एक गोगलगाईनं नेलं, एक आपणच रुसून गेलं. ही उरली. शेंडेफळ.

गेशा : माझी तिन्ही बघ. गुडघ्याच्या वर गेली नाहीत, पण अंगानं कशी भरलीत.

हाब्बो : मालकिणीवर गेलीत.

गेशा : तू रोपांकडे बघ. ही बिचारी वीतभर झालीय, आणि पानांच्या कडा भाजल्यात. कुठे ठेवत होतास?

हाब्बो : चुलीपाशी. उशिरा झालेलं कोकरू आपण आणखी कुठे ठेवतो? जन्मभर बांधावर मेंढ्या राखल्या, चुलीपाशी ठेवलेलं एक कोकरू दगावलं नाही.

गेशा : कोकराला ऊब लागते. गांजाला वारा लागतो. आपल्या उन्हाळ्यात कुठे एवढी थंडी असते? हिचा वैरी म्हणजे ओल. कळी दाटली की ओल आत शिरते, राखाडी बुरशी धरते, आणि एक दिवस बघावं तर बोटांत नुसता भुगा.

हाब्बो : माझ्या घरात दुसरं आहेच काय. बांधाला पाठ लावून बसलेलं घर. सकाळी धुकं आत येतं, ते संध्याकाळी निरोप घेतं. म्हणून तर आणली तुझ्याकडे. आणि ब्रेमेनला कशी नेऊ हिला? पाचवा मजला, बाल्कनी नाही, खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते.

गेशा : म्हणजे जायचं ठरलं?

हाब्बो : च्यार्कनं ठरवलं. म्हणतो, बाबा, तिथे लिफ्ट आहे. जसा काही मी जन्मभर लिफ्टसाठी झुरलो. रविवारी त्याला हो-नाही सांगायचंय.

गेशा : पोरगा काही वाईट सांगत नाही. हिवाळ्यात तुझ्या दारच्या पायऱ्यांवर आपटलास, तेव्हा मीच उचललं तुला.

हाब्बो : आणि उचलताना केवढं हसलीस.

गेशा : आधी उचललं, मग हसले. क्रम विसरू नकोस.

हाब्बो : बरं, हिचं सांग. पाऊस ओसरेपर्यंत दम धरेल ना? ऑगस्टात फुलली तरी चालेल मला.

गेशा : तुला चालेल, हिला नाही चालायचं. बाकीचा गांजा दिवस लहान व्हायची वाट बघतो, आणि आपल्याकडे दिवस लहान होईतो पाऊस मुक्कामाला येतो. म्हणून तर ही बुटकी जात. ही दिवस-रात्र मोजत बसत नाही. वय झालं की फुलते, अंगात बळ असो नसो. हे बघ, फांदीच्या बेचक्यात. पांढरे केस फुटलेत, म्हणजे कळी धरली.

हाब्बो : वीतभर असताना?

गेशा : वीतभर असताना. कोवळेपणी जे मिळालं, त्याच शिदोरीवर हिचा सगळा संसार. मागाहून कितीही लाड केले तरी उंची वाढत नाही.

हाब्बो : बुटकी गं बाई माझी, हिला भारीच घाई,
ऊन येवो न येवो, फूल थांबत नाही.

गेशा : हे कधीचं?

हाब्बो : आत्ताचं. बांधावर दुसरं काय केलं मी, ओळीला ओळ जोडत हिंडलो. मेंढ्या माना डोलवायच्या.

गेशा : त्या चरत होत्या, हाब्बो. थांब जरा. या मातीला वास कसला येतोय?

हाब्बो : दलदलीतली माती. तिला येतोच.

गेशा : दलदलीचा वास मला ठाऊक आहे. हा आंबूस आहे. नासक्या सायीचा. आणि या मुंग्या. आणि हे काय चमकतंय? खडीसाखर. हाब्बो, तू गांजाला चहा पाजलास.

हाब्बो : आई गुलाबांना घालायची.

गेशा : तुझी आई चोथा घालायची. सगळा गाव घालतो. साय आणि खडीसाखर घालून अख्खा पेला कुणी नाही घालत.

हाब्बो : आता चहा द्यायचा तर नीट द्यावा.

गेशा : ढवळूनही दिला असशील.

हाब्बो : काहीतरीच काय. साय घातलेला चहा आपल्यात कोण ढवळतं. इतका नाही बिघडलो मी.

गेशा : रोज देत होतास?

हाब्बो : रोज असं नाही. रोज.

गेशा : पण का रे बाबा?

हाब्बो : किटली दोघांची आहे.

गेशा : मग?

हाब्बो : आंट्ये गेली, पण हात अजून बायकोच्या मापानंच पत्ती घालतो. माणशी तीन पेले, आपली रीत. माझे मी पितो. तिचे उरतात. मोरीत ओतवत नाहीत, गेशा. ही समोर चुलीपाशी असायची, पानं हलवत. म्हटलं, घे बाई, तू घे.

गेशा : हं.

हाब्बो : चिडव ना आता.

गेशा : चिडवते. दम धर जरा. ते फावडं दे इकडे. वरची माती काढते, कोरडी घालते. मुळं पांढरी आहेत अजून, जगेल. मूठभरच फुलेल, पण तुझ्या दुखऱ्या खुब्यापुरतं होईल. झोप लागते का रात्री?

हाब्बो : कूस बदलली की जाग. मग छताकडे बघत पडतो.

गेशा : हे बघ, माती बदलून देते, पण ठेवून घेता यायची नाही. कायद्यानं माणशी तीनच रोपं, आणि तीही ज्याची त्याच्या राहत्या घरी. माझी तीन झाली. ही चौथी.

हाब्बो : मोजायला कोण येतंय इथे?

गेशा : मी आहे ना. उभा जन्म या गावात टपाल वाटलं, एकाचं पाकीट दुसऱ्याच्या दारात टाकलं नाही. आता एका कुंडीसाठी टाकू? हसतोस काय, नियम आहे हा.

हाब्बो : मला माहीत आहे नियम.

गेशा : माहीत आहे, तर उचलून आणलीस कशाला?

हाब्बो : माहीत आहे म्हणूनच.

गेशा : नीट बोल.

हाब्बो : राहत्या घरी म्हणालीस ना. मी इथे राहिलो तर माणसं दोन, रोपं सहा चालतात. आहेत चारच. नियमात बसतं, वर जागा उरते.

गेशा : हे कुणी शिकवलं तुला?

हाब्बो : छतानं. रात्रभर जुळवत होतो. यमक तेवढं जुळलं नाही.

गेशा : म्हणजे ही मागणी आहे. या वयात, चिखलाच्या बुटांनी, आजारी कुंडी पुढे करून. माणूस निदान फुलं तरी आणतो.

हाब्बो : आणलीत की. उमलायची आहेत अजून.

गेशा : च्यार्कला काय सांगशील?

हाब्बो : सांगेन, फुलावर आलेलं रोप हलवू नये.

गेशा : तो तुझ्याबद्दल विचारेल. रोपाबद्दल नाही.

हाब्बो : मग खरं तेच सांगेन. की गेशा नाही म्हणाली तर येतो.

गेशा : घोरतोस?

हाब्बो : मेंढ्यांनी कधी सांगितलं नाही.

गेशा : सकाळी मला कुणी बोललेलं खपत नाही. यमकं तर अजिबात नाही.

हाब्बो : दुपारनंतर?

गेशा : बघू. मागची खोली आहे. पलंग लांब आहे, माझा नवरा तुझ्याहून हातभर उंच होता. पण तो गेला तेव्हापासून तिथली खिडकी उघडलेली नाही. लाकूड फुगून घट्ट बसलंय.

हाब्बो : मग आत्ताच खांदा लावून उघडून देतो.

गेशा : नको. ती मला उघडू दे. तू उद्या ये.