सरस वाळेपर्यंत

दवाखान्यात एका शिंपीणबाईंचा नंबर पुकारला, तरी त्या बाकावरून उठेनात. शेजारी, खांद्याचं ऑपरेशन झालेल्या सुताराला त्याची बायको झापत होती, तेच त्या ऐकत होत्या.

"चोरून सुजेच्या गोळ्या खाल्ल्या?"

"दोनच. ठणकत होतं गं."

"ठणक्याची वेगळी दिलीय ना? सुजेची विचारल्याशिवाय नको, म्हणाले होते डॉक्टर. स्नायूची दोरी हाडाला शिवलीय, ती धरायला ही गोळी आड येऊ शकते. पुन्हा रंधा मारायचाय ना?"

"दोन गोळ्यांनी काय होतंय?"

"सांध्यांना लावलेला सरस वाळायच्या आत खुर्चीवर बसणाऱ्या गिऱ्हाइकाला काय म्हणता तुम्ही?"

"गाढव."

"मी काही बोलले नाही हं."

"बरं, सांगतो डॉक्टरांना. पण ते गाढवाचं काढू नकोस."

"कशाला काढू? डॉक्टर आता त्यालाच तपासणार आहेत."