फोन ठेवू नको म्हणाले

हॅलो?… हो, बसंतीच बोलतेय… अय्यो, इंद्रदेव भावोजी! कारखान्यातून? या वेळेला? तुमचे दादा डबा विसरले, त्यासाठी ना? इथंच आहे बुतिकात, दुकानाच्या गल्ल्याशेजारी… डब्याचं नाही? मग?… फोन ठेवू नको म्हणजे? अहो, कढईत ‘गातो पिमा’ची मिरचीभजी सोडलीत, समोर गिऱ्हाईक… बरं, बरं. ओरडू नका. नाही ठेवत. कुंती, अगं, फोनसाठी थांबलीच आहेस तर तेवढी भजी उलटव गं. झारा तिथंच आहे बघ.

हं, बोला… खणखणाट येतोय मागून, मोठ्यानं बोला… दादा आत आहेत? रस आटवायच्या त्या लोखंडी पिंपात… हो, मग, तेच तर काम त्यांचं. गाळप थांबलं की आत उतरायचं नि बसलेला थर खरवडायचा. दरवर्षीचं आहे… पाय अडकला? नळ्यांच्या मधे? अगं बाई… मोडला नाही ना? माझी शपथ?… नुसता बूट अडकलाय. मग ओढा की! मला कसले फोन करताय?

हो… हो… ऐकतेय.

शेजारच्या पिंपात वाफ आली? आत्ता?… आपोआप कशी झडप उघडेल? कोणीतरी हात लावला असेल… नाही? कोणीच नाही? मग?… ते नवं कपाट? गेल्या साली, अठ्ठ्याऐंशीला आलं ते? हिरवे दिवे लुकलुकतात ते… अहो, दसऱ्याला मीच हळदकुंकू लावलं त्याला. झेंडूची माळ घातली. ते उघडतं झडपा?… फोनवरून? त्याला फोन येतात?

थांबा. मला नीट समजू दे. परदेशातून ज्यांनी ते विकलं, ते तिकडून फोन करून त्याला सांगतात, हे उघड, ते मीट… नि आज कोण होतं?… तेच होते की दुसरंच कोणी, कळत नाही? नाव नाही विचारत ते? काही खुणेचा शब्द?… जो फोन लावील त्याचं ऐकतं! भावोजी, माझ्या दुकानात शेंबडं पोर आलं पाव मागायला, तरी मी विचारते, कोणाचा रे तू?

मग आता तुमच्या दादांच्या पिंपाची झडप पण उघडेल, कधीही… हं.

हं.

 

बॉयलर विझवा ना… विझवलाय. पण कोंडलेली वाफ जायला वेळ लागतो. बरं, झडपेला हाताचं चाक असतं ना? ते घट्ट फिरवून… काढून टाकलं? कपाट आलं म्हणून चाक काढलं? कोणाचं हे डोकं?… जाऊ दे, जाऊ दे. कपाटच बंद करा. बटण आत, कुलपात. किल्ली मिस्ये इंजिनिअर साहेबाकडे, नि तो गेला गुडलँड्सला लग्नाला. बेटाच्या दुसऱ्या टोकाला जायला आजचाच दिवस मिळाला त्याला! मग फोनची तार कापा… छपराखालून जाते. शिडी लागेल. मग लावा… ती शिडी पिंपात. दादा तिच्यावरूनच वर येणार. तेवढी उंच एकच. कोरेक, ठीक. कळलं.

नि मी? मी इथं सुरिनाम गावात, दुकानात बसून काय करू?

…अय्यो.

म्हणजे कपाटाची लाइन नि तुमची लाइन एकच. आपण बोलतोय तोवर दुसऱ्या कोणाचा फोन लागायचा नाही. न बोलता नुसता रिसीव्हर उचलून ठेवला तर एक्स्चेंजवाले लाइन सोडवतात. बरं. बरं. मग बोलते. संध्याकाळपर्यंत बोलते. दादा म्हणतातच ना, हिला बोलायला सांगावं लागत नाही.

कुंती, नाही गं, आज फोन नाही मिळायचा. जावयाला उद्या कर… अगं, रुसू नकोस, माझ्या घरधन्याच्या जिवाचं आहे… मागून सांगते. तू भजी काढ.

हो, भावोजी… तुम्ही पण जाताय ओढायला? जा. रिसीव्हर टेबलावर ठेवा, आडवा. खाली पडू देऊ नका. नि ऐका, तो बूट कापा! नवा आहे म्हणून ते नाही म्हणतील, त्यांचं ऐकू नका. म्हणावं, बसंतीनं सांगितलंय… आणि ते वर आले की शिडी घ्यायची नि तार कापायची. म्हणजे फोन तुटला की मी समजायचं, ते बाहेर आले. असंच ना? असंच. जा.

…

हं. तर काय सांगत होते. तांदूळ आलेत नवे. मीठ लावलेले मासे संपले. कामिनीला नाचात पहिल्या रांगेत घेतलंय, चतुर्थीला, तिचे बाबा बघायला येणार आहेत… येणारच. दुपारी ब्रेदची पालेभाजी करते, लसूण जास्त घालून. त्यांना तशीच आवडते. तरी म्हणतात, आईच्या हातची चव नाही…

कोणी नाही गं कुंती पलीकडे. नुसतं घण घालतात तसा आवाज. आता तोही थांबला.

काय बोलू? तूच सांग. सुचत नाहीये… ओवी? आता?

लोखंडाच्या पोटामंदी घरधनी खरवडी,
वाफबाई, दारी थांब, त्याला चढू दे गं शिडी.

माझं मीच जुळवलं. बरं झालंय? नाही झालं तर नाही. वाफेला कुठं कळतंय…

वाफबाई, तुला देते हळदीकुंकवाची वाटी,
मागं फीर, मागं फीर…

श्श. थांब.

कोणीतरी खोकलं. खोकतंय… असा कोण खोकतो सांग, आधी दोनदा नि मग देवाचं नाव?

हॅलो! अहो! ऐकू येतंय का? मी बसंती! बूट गेला तर जाऊ दे, पायाला हळद लावा… अहो…

परशुराम!

हसतेस काय कुंती, घेतलं नवऱ्याचं नाव, घेतलं. लग्नानंतर आज पहिल्यांदा… परशुराम, ऐकताय ना?…

हॅलो?… हॅलो?…

तुटला.

तुटला गं कुंती, तुटला फोन, आले ते बाहेर. पलीकडचं काहीच येत नाही आता, बघ, कानाला लावून बघ… घे आता तू. लाव जावयाला… अगं, घे ना ओढून. माझी बोटंच सुटत नाहीत.