बाळंतिणीची काळी बिअर

अरे, दारूबंदीला कसल्या शिव्या घालताय, माझं दुःख ऐका! थोरलीच्या वेळी आमची ही बाळंत झाली आणि अंगात ताकद यावी म्हणून डॉक्टरांनी तिला रोज पेलाभर काळी बिअर लिहून दिली. परमिट तिच्या नावाचं आणि ठाण्याहून डोंबिवलीला बाटल्या वाहणारा मी! पूर्वी नुसता वास आला तरी मला ओटीवर झोपवणारी ही बाई आता डोळे मिटून सांगते, "अहो, आधी कडू कॉफीसारखी लागते, मग मागून करपलेल्या गुळाची गोडी येते."

माझा नुसता जळफळाट! शेवटी म्हटलं, "घोटभर मलाही दे की गं."

पेला छातीशी धरून म्हणाली, "आधी बाळंत व्हा!"