गजराबाईचे राहून गेलेले आभार

मंडळी, आज आख्यान लावण्याआधी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. लगेच उत्तर देऊ नका, कारण लगेच दिलेली उत्तरं बहुतेक पाठ केलेली असतात!

प्रश्न असा — जे आपल्या हक्काचं आहे, ते मिळालं, तर देणाऱ्याचे आभार मानायचे का?

उपकाराचं सोडा हो. उपकार केला की माणूस हात जोडतो. पण हक्काचं? नळाला पाणी आलं — हक्काचं! रेशन मिळालं — हक्काचं! त्याचे कसले आभार? बघा, तिकडं खांबाजवळचे काका मान हलवतायत. "बरोबर आहे बुवा!" काका, मान जरा थांबवा. आख्यान संपल्यावर पुन्हा हलवा!

ऐका. डोंगरात कातळवेढे नावाचं एक गाव. तिथं गजराबाई ठोंबरे नावाची बाई. पस्तिशीची. अंगानं काटक, आवाज असा की ओढ्यापलीकडची म्हैस हाकेसरशी वळायची! तिची एकच मुलगी, शेवंता. शेवंता सातवी पास झाली. पहिली आली वर्गात! आता हसू नका, वर्गात चारच पोरं होती. पण पहिली ती पहिलीच की नाही?

संध्याकाळी भाकरी थापताना पोर म्हणाली, "आई, मला आठवीला जायचंय."

आणि आठवी कुठं? तालुक्याला! चार कोस. मध्ये घाट, घाटात रान. एस.टी. गावात येतच नव्हती. गावातल्या सगळ्या पोरींचं शिक्षण सातवीला थांबायचं — एखादीचंसुद्धा पुढं गेलं नव्हतं.

गजराबाईनं तीनदा अर्ज केला. कचेरीत जाऊन उभी राहायची. "साहेब, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, दोनच फेऱ्या द्या." उत्तर ठरलेलं — "अर्ज पुढं पाठवलाय." पुढं म्हणजे कुठं? ते पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसावं!

त्यात एक दिवस बातमी आली. बापूसाहेब देवकाते घाटानं जाणार! कोण बापूसाहेब? अहो, देशाचा नेता! दिल्लीत ज्यांच्या एका शब्दानं फायली पळायच्या, ते बापूसाहेब. गाव फुलं घेऊन रस्त्याच्या कडेला उभं. पिपाणी, हलगी, कमानी! पुढं पोलिसांची जीप, मागं पांढरी मोटार. जीप गेली पुढं... आणि मोटार वळणावर आली तशी गजराबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन आडवी झाली!

करकचून ब्रेक! हलगी बंद! सरपंचाच्या हातातला हार हातातच!

पोलीस धावले. पण त्यांच्याआधी बापूसाहेब स्वतः खाली उतरले. म्हणाले, "बाई, उठा. काय झालंय?"

"उठणार नाही. आधी सांगा, माझी पोर आठवीला जाणार कशी?"

आणि सगळं सांगितलं, पडल्यापडल्या! सात वर्ग, चार कोस, तीन अर्ज.

बापूसाहेब दमले होते, सकाळपासून पाच सभा झालेल्या. जरा चिडूनच म्हणाले, "अहो बाई, देशात लाखो गावं आहेत. एका गावासाठी देश थांबत नसतो!"

गजराबाई काय म्हणाली असेल? म्हणाली, "देश नसेल थांबत साहेब. तुमची गाडी तर थांबली ना!"

आता सांगा, यावर मोठ्या माणसानं काय करावं? रागवावं? हसावं? बापूसाहेबांनी हळूच विचारलं, "मुलीचं नाव काय?"

"शेवंता."

बस. गाडीत बसले, गेले. पोलिसांनी गजराबाईला चौकीत नेलं, संध्याकाळपर्यंत बसवलं आणि दम देऊन सोडलं. गावात नाव पडलं — 'गाडीपुढची गजरा'! पाणवठ्यावर बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

आणि मंडळी, विसाव्या दिवशी... सकाळी सहा वाजता... घाटातून लाल एस.टी. आली! कातळवेढ्याची पाटी लावून!

म्हणा — पांडुरंग हरी!

गाव लोटलं. सरपंचांनी नारळ फोडला आणि भाषण केलं — "माझ्या अखंड पाठपुराव्यामुळे..." हसताय काय? तुमच्याकडं नसतात का असले सरपंच? गजराबाई मागं उभी होती. तिनं शेवंताला खिडकीशी बसवलं, दप्तर मांडीवर दिलं आणि एस.टी. वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.

शाळामास्तर भले गृहस्थ. म्हणाले, "गजराबाई, बापूसाहेबांना एक कार्ड टाकूया. आभाराचं. मी लिहून देतो."

तर ही फणकारली! "आभार? माझ्या पोरीच्या हक्काचं होतं ते! मी काय भीक मागितली होती?"

आता बाई चुकीचं बोलली का? नाही हो! शंभर टक्के खरं बोलली. आणि कार्ड राहिलं.

पंचवीस वर्षं राहिलं! शेवंता शिकली, मास्तरीण झाली, लांबच्या जिल्ह्यात नांदायला गेली. गजराबाईचे केस पिकले. आणि एके सकाळी रेडिओवर बातमी — बापूसाहेब गेले.

गाव हळहळलं. गजराबाई तांदूळ निवडत होती, ते सूप तसंच मांडीवर धरून बसून राहिली. सून म्हणावी तर सून नाही, लेक लांब; बोलणार कुणाशी?

चौथ्या दिवशी अस्थिकलश तालुक्याला येणार होता. शाळेच्या मैदानावर शोकसभा. सगळीकडं बंद पाळलेला, गावात एस.टी. आली नाही. गजराबाईनं परसातली तगरीची फुलं पदरात घेतली आणि निघाली. शेजारचा भिवाजी ओट्यावरून ओरडला, "काकू, निघालीस कुठं? तू तर त्यांच्या गाडीपुढं झोपली होतीस!"

"म्हणूनच जाते," ती म्हणाली.

चार कोस! साठीची बाई, घाट उतरून! पाय भरून आले. एका वळणावर दगडावर टेकली. इकडं रान, तिकडं दरी. आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या मनात आलं — या वाटेनं माझी तेरा वर्षांची पोर रोज चालत गेली असती का? मी पाठवली असती का? नसती पाठवली. तिथंच बसून रडली, मंडळी. माणूस गेल्याची बातमी चार दिवसांपूर्वी कानावर आली होती. आत पोचली ती त्या दगडावर.

मैदानात हजारो माणसं. रांग सरकतेय, कार्यकर्ते सांगतायत, "फूल वाहा, पुढं चला!" गजराबाई कलशापुढं आली. फुलं वाहिली. पण पाय हलेनात.

"आजी, पुढं चला."

"मला दोन शब्द बोलायचेत."

"वक्त्यांच्या यादीत नाव आहे का?"

"नाही."

"मग जमणार नाही, आजी!"

जमणार नाही? गजराबाईला? तिनं पदर खोचला आणि कलशापुढं जमिनीवर फतकल मारली! रांग थांबली. गडबड उडाली. अध्यक्ष होते एक निवृत्त हेडमास्तर. त्यांनी लांबून पाहिलं, म्हणाले, "बोलू द्या त्यांना. शोकाला कसली यादी?"

व्यासपीठावर चढून माईकपुढं उभी राहिली. ओढ्यापलीकडं जाणाऱ्या त्याच आवाजात म्हणाली,

"मी कातळवेढ्याची गजरा. मी या माणसाशी भांडले. भांडून एस.टी. घेतली. पोर शिकली. हक्काचं होतं, म्हणून आभार मानले नाहीत. आज चालत येताना कळलं... हक्क माझा होता, पण मी ओरडले तेव्हा गाडीतनं उतरून ऐकलं यांनी. माझं बोलणं झोंबलं असेल, तरी ऐकलं. पोरीचं नाव विचारलं. एक कार्ड टाकायचं होतं हो! पंचवीस वर्षं होती माझ्याकडं. आता कुठल्या पत्त्यावर टाकू?"

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला.

ती खाली उतरली, तर गर्दीतून एक बाई वाट काढत आली. पांढरी साडी, खांद्याला पिशवी. सरकारी दवाखान्यातली नर्स. आली आणि गजराबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अगं, अगं! कोण तू?"

"मी द्वारका. तुमच्या खालच्या वाडीची. त्याच एस.टी.नं मी दहावीपर्यंत गेले. आम्ही अकरा जणी गेलो, मावशी. आणि पाणवठ्यावर माझी आई तुम्हाला हसायची. तुमचे आभार मानायचे राहून गेले होते."

आणि गजराबाई पटकन काय बोलून गेली, ऐका — "अगं पोरी, माझे कसले आभार? हक्काचंच होतं की तुझं!"

बोलली... आणि स्वतःच थबकली. मग द्वारकेला जवळ घेतलं. दोघी रडल्या, आणि रडता रडता गजराबाई हसली! शोकसभेत हसली! कुणाला राग आला नाही. बापूसाहेबांनाही आला नसता.

तर काका, आता सांगा — मान कशी हलवायची?

मोठा माणूस जातो तेव्हा आपण रांगेत उभे राहतो, फुलं वाहतो. वाहावीत! देशानं एकत्र रडावं, त्यात मोठं पुण्य आहे. पण मंडळी, कलशाला ऐकू येत नाही हो! ज्यांना ऐकू येतं, ते आज या मंडपात बसलेत. तुमच्या पोराला पाढे शिकवणाऱ्या बाई त्या तिसऱ्या ओळीत आहेत. पहाटे पाणी सोडणारा गणपत चपलांपाशी उभा आहे, त्याला बसायला जागासुद्धा कुणी दिली नाही! पगार घेतात, त्यांचं कामच आहे ते — खरंय, शंभर टक्के खरंय. गजराबाईचंही खरंच होतं.

आरती व्हायची आहे, प्रसाद व्हायचा आहे. त्याआधी मी टाळ खाली ठेवतो आणि घटकाभर गप्प बसतो. ज्याला उठून कुणाकडं जायचंय, त्यानं जावं. जा. मी थांबलोय.