खोट्या नावाचं कार्ड

—नाही काका, तुमच्या मुलीने काही बिघडवलेलं नाही, हे आधी डोक्यातनं काढा. घरी गेल्यावर शिवानीला पहिलं तेच सांगा. ओरडलात ना तिला? ओरडलातच, तोंडावर दिसतंय. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर चार वेळा टाकला आणि चारही वेळा स्क्रीन काळी झाली म्हटल्यावर कुठल्याही बापाला वाटणारच, पोरीने नेटवरनं काहीतरी नको ते उतरवलं — तसं नाहीये. बसा, तो स्टूल घ्या. कोलशेतवरनं हा एवढा डबा मांडीवर घेऊन, शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधनं कोपरला आलात, दोन मिनिटं टेका जरा.

मी सगळं करून बघितलं. जुना ड्रायव्हर मुळापासून पुसला, कंपनीचा नवा टाकला, मग त्याच्या आधीचा टाकला. तेच. विंडोज सुरू होते, मेल उघडतं, गाणी वाजतात — आणि शिवानीने तिचं ते घराचं थ्रीडी मॉडेल उघडलं की मशीन बसतं. का बसतं? कारण ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, कार्डाला आधी नाव विचारतो, आणि त्या नावाप्रमाणे काम सांगतो. तुमचं कार्ड नाव सांगतंय नव्याचं. आत चिप आहे बारा वर्षांपूर्वीची. त्याला सांगितलेलं काम येतच नाही, मग ते करणार काय? हे बघा, पंखा काढलाय, चिपवरची पेस्ट पुसलीये — वाचा छापलेलं साल. चष्मा नाही आणलात? चौदा. दोन हजार चौदा. आणि खोक्यावर काय लिहिलंय बघा.

हो, फसवलं तुम्हाला. कोणी, ते मला सांगू नका. कोलशेत रोडला, काचेचा दरवाजा, आत गणपतीचा मोठा फोटो, काउंटरवर इस्त्रीचा शर्ट घातलेला गोड बोलणारा माणूस. दिपेश. तुम्हाला म्हणाला असेल, रॅम वाढवा, एसी लावा, मुलीला सांगा काही डाउनलोड करू नको. म्हणाला ना?

भाऊ आहे माझा. सख्खा. ती बिल्डिंग आमच्या आजोबांच्या भातशेतीवर उभी आहे, बिल्डरने गाळा दिला तो त्याच्या नावावर झाला आणि मी त्याच्या मागच्या खोलीत स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. नऊ वर्षं. त्या दुकानातनं गेलेली सगळी मशीन मी जोडलेली. गिऱ्हाईकाला सांगायचा, आमच्याकडे असेंब्लीला एक माणूस आहे. माणूस म्हणजे मी. मला तेव्हा त्याचं वाईट पण वाटायचं नाही — खरं सांगते, मला ते काम आवडायचं. पहिल्यांदा स्क्रीन उजळते ना, तेवढ्यासाठी.

मग ते गोपीनाथ सर आले. शाळेत चित्रकला शिकवायचे, रिटायर झालेले. गावाकडच्या शाळांसाठी विज्ञानाची कार्टून फिल्म बनवत होते, एकटे, घरी बसून. रक्त कसं फिरतं, बी कसं उगवतं असलं. आमच्याकडनं घेतलेलं मशीन सारखं मध्येच बंद पडायचं, आणि एक दिवस असं बंद पडलं की फाइल परत उघडलीच नाही. सात महिन्यांचं काम. डबा घेऊन दुकानात आले. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं. आणि दिपेशने मला आतनं हाक मारली, सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, हिने ड्रायव्हर चुकीचा टाकला. बारावी झालीये फक्त, बहीण म्हणून ठेवलंय. माफी माग गं सरांची."

मागितली. हात जोडून. आणि सर काय म्हणाले माहितीये? ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "जे आपल्याला येत नाही, ते काम हातात घेऊ नये, बाळ." मला येत नाही. मला, काका.

त्याच संध्याकाळी मी दुकान सोडलं. तीन वर्षं झाली. इथे कोपरला हा गाळा भाड्याने घेतला, आणि तेव्हापासून वाट बघतेय. असं खोट्या नावाचं कार्ड माझ्या टेबलावर आलं की मी फोटो काढते, नंबर लिहून घेते. तुमचं अकरावं. आधीचे दहा जण काय करतात? कपाळाला हात लावतात आणि निघून जातात. कटकट नको म्हणतात. तुम्ही तसं करू नका.

आता तुमचं काम करून देते, आधी नवी पेस्ट लावून पंखा बसवते. कार्डाला त्याचं मूळ नाव परत दिलं की जुना ड्रायव्हर नीट बसेल, स्क्रीन काळी होणार नाही. शिवानीचं मॉडेल हळू चालेल, पण बंद पडणार नाही, कॉलेजचं सबमिशन होऊन जाईल. त्याची मूळ फाइल लागते फक्त — ही या पेनड्राइव्हमध्ये आहे. कार्डाच्या मागच्या स्टिकरवर नंबर बघा, शेवटचे चार आकडे. सत्तर एकोणीस. आणि ही फाइल, सत्तर एकोणीस. झालं. बघा, आता स्क्रीनवर खरं नाव आलं.

काय?

माझ्याकडे कशी, म्हणजे… असते. बॅकअप ठेवायची सवय आहे मला.

…हो. बरोबर विचारलंत. तुमच्याच कार्डाची फाइल माझ्याकडे कशी.

मीच बदललेलं काका. तुमचं, सरांचं, अजून चाळीस कार्डांचं. दिपेश कुठूनतरी जुनी कार्डं पोत्याने आणायचा, म्हणायचा नाव बदल, कोणाला कळतंय. मी बदलायचे. बदलायच्या आधी मूळ फाइल काढून ठेवायचे, काम नीटनेटकं लागतं मला. सर डबा घेऊन उभे होते ना, तेव्हा मला माहीत होतं कार्ड कसलं आहे. दिपेशला पण माहीत होतं. आम्ही दोघंही बोललो नाही. मी सोडलं, पण त्यातली उरलेली कार्डं त्याच्या कपाटात होती, ती तो अजून विकतोय.

उठू नका. असं बघू नका माझ्याकडे — बघा, बघा, तुमचा हक्कच आहे. आता ऐका. तक्रार लिहा. बिल आहे ना तुमच्याकडे? ह्या पेनड्राइव्हची कॉपी देते, बेचाळीस फाइली, तारखांसकट. त्या अकरा कार्डांचे फोटो देते. आणि कार्डाचं नाव कोणी बदललं, तिथे लिहा, दर्शना काळुराम भोईर. वगळू नका. मी पुरावे जमवतेय ते आईला कळलंय, काल तिचा फोन आलेला, घरातलं घरातच ठेव म्हणाली, भावाला पोलिसात उभा करशील का. मी म्हटलं, करीन. मी पण उभी राहीन.

नाही हो, पश्चात्ताप-बिश्चात्ताप नाही. असता तर सरांच्या घरी गेले असते ना? ते अजून कोलशेतलाच राहतात, मी त्या गल्लीने जात नाही. मला दिपेशचं तोंड बघायचंय. चार-पाच गिऱ्हाइकांसमोर त्याला कोणीतरी विचारेल, आणि तो सवयीप्रमाणे माझ्याकडे बोट करेल, आणि मी म्हणेन हो, मीच केलं, ह्याने सांगितलं म्हणून केलं, हा घ्या पुरावा. ते लांबनं ऐकायचं नाहीये मला. त्याच्या शेजारी उभं राहून, जवळनं बघायचंय.

घ्या, डबा बंद केला. केबल आत टाकलीये. पैसे नकोत, ठेवा ते खिशात. तुमच्याकडनं कसले घेऊ?

काही बोलू नका. रिक्षा कोपऱ्यावर मिळेल. जा तुम्ही.