पत्रिका जुळत नाही

नाही काकू, मी त्यांना वाईट असं काहीच सांगितलं नाही—बसा ना, हीटर मुद्दाम लांब ठेवलाय, अंगावर सगळा हलवा आहे, वितळायला नको. पहिली संक्रांत म्हणजे नव्या सुनेनं काळ्या साडीत साखरेचे दागिने घालून कुडकुडायचं, आणि शाल घ्यायची नाही, दागिने झाकतात म्हणे. सासूबाई फुलं आणायला गेल्यात, बायका पाचला येतील, तुम्ही चारलाच आलात म्हणजे कशासाठी आलात ते कळतंय मला. इंदुमतीबाईंचा फोन आला ना सकाळी? ‘पत्रिका जुळत नाही.’ असंच म्हणाल्या असतील. माझ्या वेळी त्या पहिल्या स्थळानंही हेच कळवलं होतं—आदल्या आठवड्यात छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळत होते, तुमच्याशी त्यांचं बोलणं झालं आणि ग्रह हलले.

पाणी तरी घ्या. तुम्ही त्यांना काय म्हणालात ते शब्द न् शब्द आमच्यापर्यंत आलं होतं—दिल्लीत आपली माणसं आहेत किती, मुठीएवढी—‘मुलगी लाखात एक आहे, फक्त धाकटा भाऊ माझ्याकडे येतो, पिणं आणि डिप्रेशन, तेवढं लक्षात असू द्या.’ तेवढं. हो, चांगल्या हेतूनं. हेतू वाईट होता असं मी म्हटलंच नाही. आणि ते स्थळ गेल्याचं मला काय, तो मुलगा पहिल्या भेटीत पाऊण तास गाडीच्या मायलेजवर बोलला होता. पण बाबा फोनवर मोठ्यानं बोलतात, आणि नचिकेत शेजारच्या खोलीत होता.

तुमच्याकडे त्याला पाठवलं कुणी? आमच्या आईनं. नोएडाला एक मल्याळी डॉक्टर होत्या, त्यांचं नाव सुचवलं होतं कुणीतरी, पण आईचं एकच—त्याच्या कॉलेजात आपल्या विजयालक्ष्मीच कौन्सेलर आहेत, आपल्या भाषेत बोलेल तर मोकळा होईल. दिल्लीत वाढलेला मुलगा, त्याला ‘खिन्न’ म्हणजे काय ते माहीत नाही, पण माणूस आपलं पाहिजे. आणि झालाही मोकळा, तेच तर. सकाळी बुटाची नाडी बांधताना हात थांबतो, बांधून जायचं कुठे ते कळत नाही—हे त्यानं आधी तुम्हाला सांगितलं, मला फार नंतर. ते कॉलेज मोहरीच्या शेतात उभं राहिलं, त्याच्याआधी समोर दारूचा ठेका उभा होता. शनिवारी सगळी पोरं तिथे, आणि हा सगळ्यांत जास्त पिऊन सगळ्यांना हसवायचा. घरी आल्यावर दोन दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. तुमच्याकडे यायला लागला आणि चार महिने त्यानं एकेक शनिवार टाळला होता, काकू. चार महिने. हे श्रेय तुमचं, मी नाकारत नाही.

मग बाबांचा तो फोन. ‘ताईचं लग्न मी मोडलं’—मला नाही म्हणाला, त्या भिंतीलाच म्हणाला. तुमच्याकडे परत आला नाही. तिसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर एका बैठकीत बाटली संपवली, चार दिवस हॉस्पिटलात. तुम्ही भेटायला आलात, संत्री आणलीत. मी ती सोलून त्याला भरवली, तुमच्या देखत. रेवती किती शांत, तिला राग म्हणून येत नाही—सगळे म्हणतात. येतो. मी तो लगेच वापरायला काढत नाही, इतकंच. दीड वर्ष नीट घडी घालून ठेवला.

आणि परवा इंदुमतीबाईंचा फोन. आमच्या यशोधनसाठी विजयालक्ष्मींची देविका बघतोय, तुझ्या माहितीतली ना, कशी आहे मुलगी? तुम्हाला खरं सांगते, रिसीव्हर हातात धरून उभी होते आणि इतकं बरं वाटलं, लग्नात वाटलं नव्हतं इतकं. काय काय सांगू शकले असते. नाही सांगितलं. म्हटलं, ‘हुशार आहे. आमच्या नचिकेतच्याच ग्रुपमध्ये होती, सगळे बरोबरच असायचे.’ बस्स. यात खोटं काय आहे? पलीकडून नुसतं ‘अच्छा’. लक्ष्मीबाई नगरपासून इथे गाझियाबादपर्यंत प्रत्येक घरात नचिकेत म्हणजे काय ते तुम्हीच तर पोचवलंत. मी फक्त त्याचं नाव घेतलं.

हो, माझ्याच भावाचं. मला कळतं ते, तुम्ही नका सांगू. तो बरा आहे—विचारलं नाहीत म्हणून सांगते—त्या मल्याळी बाईंकडेच जातो आता, दर गुरुवारी, हिंदीत बोलतो. त्या आपल्यातल्या एकाही माणसाला ओळखत नाहीत, म्हणूनच जातो. त्या ‘का पितोस’ असं विचारत नाहीत, ‘शनिवारी सहाला कुठे असतोस’ असं विचारतात. तर शनिवारी सहाला तो मला फोन करतो. तासभर. मेसमधली भाजी, परीक्षा, काहीही. मधे मधे देविकाचं—तिच्याशी दोस्ती आहेच अजून, का नसेल, त्या दिवशी तिनंच तर—

काही नाही.

नाही, पीत होती असं मी कुठे म्हटलं? होती तिथे, त्या फ्लॅटवर. तुम्हाला मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते सांगून आली होती. पोलीस येतील म्हणून बाकीची पोरं पळाली. तिनं एकटीनं त्याला कुशीवर वळवलं, तोंडातलं सगळं बोटांनी काढलं, तीन मजले ओढत खाली आणलं, ऑटोत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. अर्धा तास उशीर झाला असता तर, असं डॉक्टर म्हणाले होते. तुम्हाला कळू देणार नाही असं मी दोघांना वचन दिलं होतं. आणि आज—तुम्ही तर विचारलंही नव्हतंत.

असं बघू नका. इंदुमतीबाई गप्प राहतील का? नाही राहणार. मी काय बोलले ते आठवड्यात देविकापर्यंत जाईल, ती त्याला सांगेल, आणि मग तो फोन कुणाला करेल? भिंतीला? मी आत्ता फोन लावते इंदुमतीबाईंना. लावते, पण सांगू काय? तिनं माझ्या भावाला वाचवलं म्हणून सांगू? म्हणजे त्या बैठकीत ती होती हेही सांगू? बोला ना. तुमचं कामच आहे हे, अडकलेल्या माणसाला वाट दाखवायचं.



उठलात? थांबा, हळदीकुंकू तरी लावते, वाण तरी—नको? सवाष्णीनं कुंकवाला नाही म्हणू नये, काकू.

बरं. लिफ्ट बंद आहे, जिन्यानं जा. खाली सासूबाई भेटतील. त्यांनी विचारलं तर हळदीकुंकू झालं म्हणा.